कानातला वाटाणा

ओदिलियाने पावडरच्या डब्याचं झाकण उचललं आणि टेबलावरच्या त्या वाटाण्यावर उपडं घातलं.

“झालं,” ती म्हणाली. “आता झाकणासकट घेऊन जा.”

बाल्तासार हलला नाही. रंगपटाचं दार लावून घेऊन तो दारालाच पाठ टेकून उभा होता, नव्या करड्या सुटात. आज शंभरावा प्रयोग. खेळ संपल्यावर शंभरीची स्मरणपाटी लागायची होती, वर्तमानपत्रवाले यायचे होते, आणि निर्माता म्हणून सगळ्यात जास्त फोटो त्याचेच निघायचे होते. चार वाजून गेले होते. पाचला पडदा.

“दोन्या ओदिलिया, मी भांडायला आलेलो नाही.” ‘दोन्या’ म्हणजे बाईसाहेब; तिला तो कायम तसंच म्हणायचा.

“मग तू बस. भांडायचं मी बघते.”

वाटाणा म्हणजे यंत्राचा दाणा, कानात घालायचा. मेक्सिको शहरात टीव्ही मालिका करणाऱ्या कुठल्याही नटाला विचारा. कुठेतरी आडोशाला बसलेला प्रॉम्प्टर संहिता वाचत जातो, ती यांच्या कानात पडते आणि हे ती तोंडाने बाहेर टाकतात. सकाळी लिहिलेला प्रवेश दुपारी चित्रित करायचा असतो, पाठ करायला वेळ आहे कुणाला? ओदिलियानेही मालिकांत वीस वर्षं वाटाणा घातला होता, कारण तिथे सगळेच घालत. पण नाटकात कधीच नाही. नाटकात वाटाणा घालणं म्हणजे पाठीला डबा बांधून पोहण्याच्या शर्यतीत उतरणं, असं ती चारचौघांत म्हणायची आणि ज्यांनी डबा बांधलेला असे त्यांच्याकडे बघून म्हणायची.

“शहाण्णवाव्या प्रयोगाला काय झालं?” बाल्तासारने विचारलं.

“काय झालं?”

“अकरा सेकंद. मी शेवटच्या रांगेमागे उभा राहून मोजले.”

“ते मौन होतं.”

“मौन तीन सेकंदांचं असतं. अकरा सेकंदांत माणूस बाहेर जाऊन सिगारेट पेटवून येतो.”

“गेलं होतं कुणी?”

“नाही.”

“मग कशाला डोकं खातोस?”

पण खरं काय ते तिला माहीत होतं. त्या दिवशी दुसऱ्या अंकात, खिडकीपाशी, वाक्य गेलं होतं. पुसून टाकल्यासारखं साफ गेलं होतं. ते कसं परत आलं तेही तिला कळलं नव्हतं. घरी गेल्यावर ती पहाटेपर्यंत पलंगाच्या कडेला बसून राहिली होती आणि दुसऱ्या दिवशी विचारणाऱ्या प्रत्येकाला ‘मौन, मौन’ म्हणून सांगत सुटली होती.

बाल्तासारने कोटाच्या आतल्या खिशातून दोन घडी केलेले कागद काढले.

“दोन भाषणं आहेत. पाटी उघडल्यावर यातलं एक वाचीन. पहिल्यात शंभराव्या प्रयोगाबद्दल तुमचं अभिनंदन आहे. दुसऱ्यात साठ वर्षांच्या सेवेनंतर तुम्ही सन्मानाने निरोप घेताय असं आहे. तुमच्या जागी रेनाता तयार आहे, गुरुवारपासून उभी राहील.”

“सेवा? मी काय पोस्टात होते?”

“वाटाणा घातलात तर पहिलं वाचतो. पण मग यापुढे दर प्रयोगाला घालायचा. नाहीतर दुसरं. आणि घालूनही आज कुठे अडलात, तरी दुसरंच.”

ओदिलियाने आरशात बघितलं. सत्त्याहत्तर वर्षांचा चेहरा, अर्धा रंगवलेला. या चेहऱ्याने सोळाव्या वर्षी तंबूतल्या नाटकांत पोरसवदा मोलकरणी केल्या होत्या. मग रेडिओवर पाच पाच बायांचे आवाज एकटीने काढले. मग मालिकांत खाष्ट सासवा आणि विष घालणाऱ्या सावत्र आया केल्या, इतक्या की बाजारात एका भाजीवालीने तिला भोपळ्याची फुलं विकायला साफ नकार दिला होता. ‘आधी त्या आंधळ्या पोरीची माफी माग,’ म्हणाली होती. आणि डबिंग. चाळीस वर्षं ती एका परदेशी कार्टूनमधल्या पिपो नावाच्या दहा वर्षांच्या पोराचा आवाज होती. अजूनही टॅक्सीत बसून पत्ता सांगितला की चालक मान वळवून बघत. राण्या, जोगिणी, चेटकिणी, एक गाय, सगळ्यांच्या तोंडात तिने आवाज घातला. तोंड एकीचं, आवाज हिचा. टीव्हीवर तोंड हिचं आणि शब्द कानातले. या नाटकात मात्र कित्येक वर्षांनी चेहरा, आवाज आणि मधली शांतता, सगळं तिचं स्वतःचं होतं. हे काम गेलं तर दुसरं कुणी देणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिला ते सोडायचं नव्हतं. बस, सोडायचं नव्हतं.

तिने झाकण उचललं आणि कान पुढे केला.

“घाल.”

तो नवा प्रकार होता, डाळीच्या दाण्याएवढा. कानात खोल जाऊन बसला. तो काढायला एक लोहचुंबकाची काडी लागायची. बाल्तासारने ती काडी आपल्या खिशात टाकली.

“ती मला दे.”

“मध्येच काढून फेकाल.”

“तुझा बाप असा नव्हता. विंगेत तू दुपट्यात हागायचास तेव्हा तुला मी धुतलंय, हे लक्षात ठेव.”

“माझ्या बापाचं थिएटर दोनदा बुडालं, दोन्या ओदिलिया,” बाल्तासार म्हणाला आणि दार उघडून निघून गेला.

दार उघडंच राहिलं, त्यातून लेआंद्रोने डोकं आत घातलं. नाटकात तो तिचा मुलगा होता. बाहेर तो मालिकांमधला लाडका नायक, बत्तीस वर्षांचा, दारात पोरींची रांग लावणारा. नाटक शंभर प्रयोग चाललं त्यात त्या रांगेचा वाटा मोठा होता, आणि ओदिलियाला ते मान्यही होतं. वाटाणा तोही घालायचा. ‘नुसता खात्रीसाठी,’ असं सगळ्यांना सांगायचा.

“भरपूर शेण, बाई,” तो म्हणाला.

नाटकवाले एकमेकांचं भलं चिंतत नाहीत, शेण चिंततात, आणि त्यावर आभार मानायचे नसतात. ओदिलियाने नुसती मान हलवली.

---

नाटक एका बंदरावरच्या खानावळीचं होतं. चाळीस वर्षं ती चालवणारी विधवा, आणि तिला आपल्याबरोबर न्यायला सीमेपलीकडून आलेला मुलगा. तो दोन अंक ‘चल’ म्हणतो, ती दोन अंक ‘नाही’ म्हणते. एवढंच.

पहिल्या अंकात पहिल्याच मिनिटाला वाटाणा बोलला. एफ्रेनचा आवाज. एफ्रेन प्रॉम्प्टर, तीस वर्षांपासून ओळखीचा, मालिकांत हाच तिच्या कानात बसायचा. आवाज कोरडा, चढउतार नाही. प्रॉम्प्टरने अभिनय करायचा नसतो. ‘आई: बस, सूप वाढते.’ मग ओदिलिया म्हणायची, “बस, सूप वाढते.” तिला ते वाक्य येत होतं. पण कानात आधी वाजल्यावर तोंडातून निघताना ते शिळं झालेलं असायचं. ती थांबायला जायची तर एफ्रेन पुढचं वाचायचा. ती घाई करायची तर आपल्याच आवाजावर त्याचा आवाज आदळायचा.

सूप वाढताना एक वाक्य होतं: “तिकडे तुम्ही सूप डब्यातून काढता म्हणे. इथे अजून कोंबडीतूनच निघतं.” नव्याण्णव प्रयोगांत यावर हशा पडला नाही असं झालं नव्हतं. आज तिसऱ्या रांगेत दोघं हसले आणि आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर गप्प झाले.

ओदिलिया सूप वाढत राहिली. तिने सगळी वाक्यं बरोबर म्हटली. एक शब्द चुकला नाही. पडदा पडला तेव्हा टाळ्याही झाल्या, सभ्य माणसं वाजवतात तशा. विंगेत बाल्तासारने तिला अंगठा उंचावून दाखवला, आणि त्या अंगठ्याने तिचं डोकं खरोखर फिरलं.

ती रंगपटात गेलीच नाही. कपड्यांवर खानावळवालीचा मळका एप्रन तसाच ठेवून ती जिन्याखालच्या खोपटात शिरली. तिथे एफ्रेन बसायचा. एक खुर्ची, एक दिवा, संहितेचं फाटकं पुस्तक, थर्मासमध्ये दालचिनीची कॉफी आणि समोर ते वाटाण्याचं यंत्र.

“कसं चाललंय, बाई?” एफ्रेन उठून उभा राहिला.

“मला काय विचारतोस? नाटक तू करतोयस.”

एफ्रेनने मान खाली घातली. तो अडुसष्ट वर्षांचा होता, आणि पहिला अंक त्यानेही ऐकला होता.

“मी थोडं मागून बोलतो. तुमचं झाल्यावर.”

“माझं झाल्यावर बोलून काय उपयोग? गप्प बस, एफ्रेन. दुसऱ्या अंकात अजिबात बोलू नकोस. जन्मभर मी लोकांच्या तोंडात आवाज घातला. आज बघते तर माझंच डबिंग चाललंय.”

“बाल्तासार मला हाकलून देईल.”

“बॅटरी संपली म्हण.”

“आज दुपारी नवी घातलीय. त्याच्यादेखत.”

ओदिलियाने हात पुढे केला.

“मग ती इकडे दे. विचारलं तर म्हण, म्हातारीने हिसकावून नेली. माझ्याकडे येऊन मागू दे त्याला.”

“आणि लेआंद्रो?” एफ्रेन म्हणाला. “त्याच्याही कानात मीच आहे, बाई. एकाच यंत्रावर दोघं.”

“नव्याण्णव वेळा बोललाय तो हे नाटक. एवढ्यात पोपटानेसुद्धा पाठ केलं असतं.”

एफ्रेनने विचार केला. तसं बघितलं तर म्हणणं बरोबर होतं. लेआंद्रो स्वतःच म्हणायचा की वाटाणा नुसता खात्रीसाठी. तरीही एफ्रेनची बोटं यंत्राच्या झाकणावर जराशी रेंगाळली.

“बाई, खिडकीपाशी अडलात तर?”

“अडले तर अडले. माझं अडणं माझं असेल.”

बाहेर ध्वनिक्षेपकावर दुसरी हाक झाली, प्रेक्षकांनी जागेवर बसावं म्हणून. एफ्रेनने झाकण उघडलं आणि बॅटरी काढून तिच्या तळहातावर ठेवली. दुसरी बॅटरी आहे का, असं तिने विचारलं. नाही, तो म्हणाला. ओदिलियाने ती एप्रनच्या खिशात टाकली आणि निघाली.

---

दुसऱ्या अंकात कान गप्प होता. पहिल्या दोन वाक्यांतच तिला आपला आवाज नाट्यगृहात शेवटच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आलेला ऐकू आला, आणि ती मनात म्हणाली, आलीस का गं परत.

आता ती वेळ घेऊ लागली. पोळपाट पुसताना थांबली, लोकही थांबले. नाक वर करून खिडकीबाहेरच्या समुद्राला शिवी घातली तेव्हा बाल्कनीतून कुणीतरी मोठ्यांदा हसलं आणि बाकीचे त्याच्या मागून हसले. मग ती खिडकीपाशी गेली.

आणि वाक्य गेलं.

तसंच, त्या दिवसासारखं. तोंड उघडण्यासाठी श्वास घेतला आणि पुढे काहीच नाही. कानात एफ्रेन नव्हता. ओदिलिया घाबरली, भरपूर घाबरली. पण या वेळी ती वाक्याच्या मागे धावली नाही. ती खानावळवालीला काय करायचं असेल ते करू लागली. खिडकीची कडी घट्ट बसली होती, ती तिने दोन्ही हातांनी ओढली. कडी निघाली. खिडकी उघडली. किती वेळ गेला देव जाणे.

“चाळीस वर्षं झाली,” ती म्हणाली, “या समुद्राने मला काही दिलेलं नाही. पण ‘चल’सुद्धा म्हणाला नाही कधी.”

खाली अंधारात कुणीतरी नाक शिंकरलं. ओदिलियाला इतका आनंद झाला की तिला तो लपवायला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागली. आलं होतं. आपलं आपण आलं होतं. मागे शेवटच्या रांगेमागे बाल्तासार सेकंद मोजत असेल तर मोजो बापडा.

मग लेआंद्रो आत आला. नाटकात बाहेर वादळ होतं, म्हणून विंगेत त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलेलं. हातात आगगाडीची दोन तिकिटं. इथून पुढे तीन पानं त्याचं बोलणं होतं, नाटकातलं सगळ्यात मोठं. मध्ये मध्ये आईचं एखादंच वाक्य.

“आई,” तो म्हणाला.

ओदिलिया वाट बघत राहिली.

“आई,” तो पुन्हा म्हणाला आणि त्याचा हात कानाकडे गेला.

तेवढ्यावरून तिला कळलं. त्याच्या डोळ्यांत तिने बघितलं, तिथे काहीच नव्हतं. नव्याण्णव वेळा हे नाटक त्याच्या कानातून आत आलं होतं आणि तोंडातून बाहेर गेलं होतं, आत एक ओळसुद्धा थांबली नव्हती. आधीचे प्रवेश तो ‘हो’, ‘नाही’, ‘अगं पण आई’ यावर तारून नेत आला होता. आता पुढे तीन पानं होती.

एप्रनच्या खिशात तिचा हात बॅटरीवर होता. ती नुसती उभी राहिली असती तरी चाललं असतं. सहाशे माणसं आणि वर्तमानपत्रवाले बघत होते; कुणाला वाटाणा लागतो आणि कुणाला लागत नाही, त्याचा निकाल तिने बोट न हलवता लागत होता. एक सेकंद गेला. दोन. तीन. खोटं कशाला बोला, तिला ते गोड लागलं. चार. पाच. पहिल्या रांगेत एक पोरगी, त्याच्या चाहत्यांपैकीच, काळजीने पुढे वाकली.

लेआंद्रोने हातातली तिकिटं उलटसुलट करून बघितली. आणि मग ओदिलियाला लाज वाटली. या पोराला खड्ड्यात कुणी लोटलं होतं? तिने. तिकडे स्वतःचा कान मोकळा करताना तिने याच्या पायाखालची फळी काढून घेतली होती.

चुलीजवळच्या खुंटीवर ताटं पुसायचा टॉवेल होता. तिने तो ओढला.

“भिजून आलायस की रे गाढवा,” ती मोठ्याने म्हणाली. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. “बस इथे खाली.”

खांदा दाबून तिने त्याला बुटक्या स्टुलावर बसवलं, मागे उभी राहिली आणि त्याचं डोकं टॉवेलने खसाखसा पुसायला लागली. टॉवेलाच्या आड तिचं तोंड त्याच्या कानाशी गेलं.

“तिकिटं काढलीत. खिडकीजवळची जागा आहे,” तिने सांगितलं.

“तिकिटं काढलीत,” लेआंद्रो म्हणाला. “खिडकीजवळची जागा आहे.”

“खिडकी मला इथे आहे,” ती आईच्या आवाजात, सगळ्या नाट्यगृहाला.

आणि पुन्हा टॉवेलाच्या आड त्याचं पुढचं. ती कुजबुजत नव्हती. कुजबुज फसवी असते, तिच्यातले सकार शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातात. डबिंगच्या खोलीत पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. ती छातीतून, खालच्या पट्टीत, तोंड जवळजवळ मिटून बोलत होती. चाळीस वर्षं ती पडद्यावरच्या परक्या ओठांकडे बघून श्वास मोजत आली होती. इथे तर अख्खं डोकं हातात होतं; तो श्वास कधी घेणार ते तिच्या बोटांना कळत होतं. बरोबर तेवढेच शब्द ती त्या श्वासात बसवत होती. खिडकीपाशी स्वतःचं एक वाक्य जिला आठवलं नव्हतं, तिला त्याची तीन पानं स्वल्पविरामासकट येत होती.

लेआंद्रो बोलत होता. भीतीने त्याला रडू येत होतं आणि ते त्याला आवरत नव्हतं, म्हणून वाक्यं मध्येच तुटत होती, पुन्हा जुळत होती. आईला घेऊन जायला आलेला मुलगा आईच्या हाताखाली डोकं देऊन रडतोय आणि ती त्याचं डोकं पुसतेय, एवढंच लोकांना दिसत होतं. कुणी खोकलं नाही. विंगेत एफ्रेन खोपटातून बाहेर येऊन उभा होता, पुस्तक छातीशी धरून, मिटलेलं.

शेवटचं वाक्य तिचं होतं. “गाडी चुकेल तुझी. जा.” ती म्हणाली आणि टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला.

---

लोक उभे राहिले. पाच वेळा पडदा वर गेला. मग रंगमंचावरच चौकटीत ठेवलेली पाटी आणली, पाटीची ‘धर्ममाता’, म्हणजे उद्घाटनाची मानकरी, म्हणून बोलावलेल्या सिनेनटीने तिच्यावरचं मखमली कापड ओढलं, शँपेन शिंपडली, फोटो निघाले. बाल्तासार ओदिलियाच्या शेजारी येऊन उभा राहिला, हसऱ्या चेहऱ्याने, कॅमेऱ्याकडे बघत, ओठ न हलवता बोलू लागला.

“खिडकीपाशी जरा गडबड झाली, पण एफ्रेनने सावरलं. आणि तो टॉवेल, काय सुचलं तुम्हाला. पाठांतराची चिंता नसली की डोकं असं मोकळं चालतं. हेच सांगत होतो मी. गुरुवारपासून रोज.”

ओदिलियानेही कॅमेऱ्याकडे बघून हसू आणलं. खरं सांगावं तर एफ्रेनची नोकरी जात होती आणि लेआंद्रोची अब्रू. न सांगावं तर जन्मभर कानात हा वाटाणा. साठ वर्षांत तिला इतकं हतबल कुणी केलं नव्हतं, आणि आज ते तिचं तिनेच केलं होतं.

बाल्तासारने पहिलं भाषण वाचलं. साठ वर्षं, रंगभूमी, पडदा, आवाज, सगळं होतं त्यात. टाळ्या झाल्या. पिपोच्या आवाजात काहीतरी बोला, असं बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं. मग ध्वनिक्षेपक लेआंद्रोच्या हातात गेला आणि रांगेतल्या पोरींनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं.

लेआंद्रो ध्वनिक्षेपक हातात धरून उभा राहिला. अशा समारंभांतही त्याच्या कानात एफ्रेनच असायचा. त्याने ओदिलियाकडे बघितलं, मग वाकून कान तिच्याजवळ आणला.

“बाई, काय बोलू?”

ओदिलियाच्या हातात फुलांचा मोठा गुच्छ होता. तिने तो तोंडासमोर धरला, वास घेतल्यासारखा.

“बोल, ‘शंभर प्रयोग तुम्ही प्रेम केलंत, आभारी आहे.’”

लेआंद्रोने ते म्हटलं.

“‘पुढचे शंभर प्रयोगही आईचं काम दोन्या ओदिलियाच करणार आहेत.’”

लेआंद्रोने तेही म्हटलं, जसंच्या तसं. लोक पुन्हा उभे राहिले. बाल्तासारच्या भुवया वर गेल्या, पण कॅमेरे त्याच्याकडे वळले तसा तो टाळ्या वाजवू लागला.

“‘आणि त्यांच्या कानात वाटाणा नसेल.’”

लेआंद्रो थांबला. त्याने गुच्छाकडे बघितलं, मग बाल्तासारकडे. हे नुसतं कानातून तोंडात नेण्यासारखं वाक्य नव्हतं, हे त्यालाही कळलं असावं. ओदिलियाने पुन्हा सांगितलं नाही.

“आणि त्यांच्या कानात वाटाणा नसेल,” तो म्हणाला.

आधी हशा पडला. वाटाणा काय ते या शहरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की ही गंमत नाही, आणि टाळ्यांचा आवाज बदलला. बाल्तासार अजून टाळ्या वाजवत होता. आता त्याला थांबताही येत नव्हतं.

ओदिलियाने गुच्छ खाली घेतला. तिला हवं होतं ते झालं होतं, सहाशे साक्षीदारांसमोर. पुढे लेआंद्रोला सांगायला तिच्याकडे काही नव्हतं. ती त्याच्या हातातून ध्वनिक्षेपक घ्यायला पुढे झाली, पण लेआंद्रोने तो सोडला नाही. तो शब्द शोधत असल्यासारखा एकदा जमिनीकडे, एकदा लोकांकडे बघत राहिला. टाळ्या विरल्या. पहिल्या रांगेतली ती पोरगी पुन्हा पुढे वाकली.

“माझ्याही,” लेआंद्रो म्हणाला.

हे तिने सांगितलं नव्हतं.

पडदा पडला. माणसं रंगमंचावर चढली, कुणी कुणाला मिठ्या मारल्या, बाल्तासार काहीतरी बोलायला तिच्या दिशेने गर्दीतून वाट काढत होता. ओदिलियाने लेआंद्रोचं कोपर धरून त्याला बाजूला ओढलं.

“उद्या सुट्टी आहे,” ती म्हणाली. “सकाळी दहाला माझ्या घरी ये. पुस्तक घेऊन.”

“नाश्ता करून येऊ की तुमच्याकडे करायचा?”

“पहिलं पान पाठ झाल्यावर मिळेल.”